मुंगीचे मोडके विषाणू

माझी मुलगी विषाणू मोडते आणि त्याचा तिला पगार मिळतो. कुणी विचारलं की मी एवढंच सांगते, कारण पुढचं सांगायला लागले की समोरचा माणूस खुर्ची जराशी मागे सरकवतो. माकडांच्या अंगात सापडणाऱ्या एका रेट्रोव्हायरसवर तिच्या प्रयोगशाळेत काम चालतं. तो पेशीत शिरतो कसा, शिरल्यावर स्वतःच्या प्रती कशा काढतो, आणि काही जातींच्या माकडांच्या पेशी त्याला दारातच कशा अडवतात, हे त्या लोकांना शोधायचं असतं. माकडांचा विषाणू म्हटलं की लोक तिच्या हातांकडे बघतात. हात साधेच आहेत. नखं बारीक कापलेली, सारखे धुऊन धुऊन बोटांची टोकं कोरडी पडलेली.

घरात तिला मुंगी म्हणतात. नाव तिच्या बाबांनी ठेवलं. लहानपणी ती एका खोलीतल्या वस्तू दुसऱ्या खोलीत नेऊन रांगेत लावायची. कुणी रांग मोडली तर रडायची नाही, मुकाट्याने पुन्हा लावायची. पुढे एकदा ती डबा विसरून कामाला गेली, तेव्हा हे तो पोचवायला गेले आणि दारावरच्या पहारेकऱ्याला खरं नाव सांगायच्या ऐवजी म्हणाले, "आमच्या मुंगीला जरा खाली बोलवा." त्याने अख्ख्या मजल्यावर विचारत फिरून तिला शोधून काढली. तेव्हापासून प्रयोगशाळेतही ती मुंगीच. तिच्या वरच्या बाई, ज्यांना सगळे मॅडम म्हणतात, त्याही तेच नाव घेतात.

ती शास्त्रज्ञ नाही, तंत्रज्ञ आहे. डोकं मॅडमचं आणि हात माझे, असं ती स्वतःच सांगते. दिवसभर तिला पेशींना खायला घालावं लागतं. काचेच्या कपाटासमोर बसायचं, हात आत घालायचे, गुलाबी पाणी पिवळं पडलं की काढून टाकायचं, ताजं भरायचं, डिश पुन्हा उबेच्या कपाटात ठेवायची. "तान्ह्या पोरांच्या वॉर्डात नोकरी आहे तुझी," असं मी एकदा म्हटलं, तर म्हणाली, "फरक एवढाच की ही रडत नाहीत, गुपचूप मरतात."

ते मोडके विषाणू म्हणजे काय, हे ह्यांना पटकन कळलं, मला वेळ लागला. हे आयुष्यभर टपाल खात्यात पत्रं लावत होते. जेवताना तिने त्यांच्याच भाषेत सांगितलं.

"विषाणू म्हणजे पाकिटातलं पत्र समजा, बाबा. पत्रात लिहिलेलं असतं, माझ्या प्रती काढा, मला पाकिटं बनवून द्या आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांत वाटा. पेशी ते वाचते आणि तसं करते."

"तिला स्वतःचा कामधंदा नाही का?"

"आलेलं वाचायचं हाच तिचा धंदा. आणि ह्या जातीचा विषाणू फारच आगाऊ. तो आपलं पत्र पेशीच्या मूळ ग्रंथातच शिवून टाकतो. मग पेशी मरेपर्यंत ते पान तिथून जात नाही."

माझा घास हातातच राहिला. तिने ते बघितलं.

"आई, आधी ऐक. आम्ही त्या पत्रातून पाकीट बनवायच्या कृतीचा कागद काढून टाकतो. त्या जागी एक निरुपद्रवी कागद घालतो, ज्याने पेशी हिरवी चमकते."

"मग पहिलं पाकीट कुठून येतं?" मी विचारलं.

"ते आम्ही बाहेरून देतो. माणसाच्या काही पेशी आम्ही वाढवलेल्या असतात, त्यांना आम्ही कारखाना म्हणतो. त्यांना पत्र वेगळं देतो आणि पाकिटाची कृती वेगळी देतो. त्या दोन्ही एकत्र करून माल बाहेर सोडतात. तो माल माकडाच्या पेशीत एकदा शिरतो, ती पेशी हिरवी होते, आणि गाडी तिथेच थांबते. पाकिटाची कृतीच आत गेलेली नाही तर बाहेर पडणार कशातून?"

"म्हणजे पत्र पोचतं, पण पुढे जात नाही," हे म्हणाले. "आमच्या खात्यात अशी ढिगाने होती."

"हो, पण आम्हाला तेच हवं असतं. जेवढ्या पेशी हिरव्या, तेवढी पाकिटं आत शिरली. धडधाकट विषाणू असता तर एकातून दहा, दहातून हजार, कोण पहिल्या खेपेला शिरलं आणि कोण नंतर, काही पत्ता लागला नसता. मोडका आहे म्हणून तर मोजता येतो."

मी इतिहास शिकले, मला यातलं शास्त्र कळत नाही. पण आईला जे सुचायचं ते सुचतंच. मी विचारलं, "आणि ते दोन कागद कारखान्यातच एकमेकांना चिकटले तर?"

ती पाणी प्यायली. "तसं होऊ नये म्हणूनच ते अशा ठिकाणी कापतात की सांधे जुळू नयेत. आणि तरीही आम्ही पाळत ठेवतो. प्रत्येक बॅचमधली एक डिश मोजणी झाल्यावरही तशीच वाढवत राहायची. हिरवं जेवढं आहे तेवढं राहिलं किंवा कमी झालं तर ठीक."

"आणि वाढलं तर?"

"वाढलं तर खोलीला कुलूप," ती म्हणाली, आणि भाजी वाढून घेतली.

ही गोष्ट तिला बाळ होण्याच्या आधीची. बाळ झाल्यावर काही महिन्यांनी ती पुन्हा कामाला लागली. जावई लिफ्ट दुरुस्त करतात, कुठल्या इमारतीत कुठल्या वेळी कोण अडकेल याचा नेम नाही, त्यामुळे दिवसा नात माझ्याकडे. पोरगी बाटलीला तोंड लावत नव्हती. रबर जिभेला लागलं की असं तोंड करायची जणू तिचा कुणी अपमान केलाय. म्हणून दुपारी मी तिला घेऊन प्रयोगशाळेच्या इमारतीत जायचे. आमच्या घरापासून चालण्याच्या अंतरावर आहे. पहारेकऱ्याच्या केबिनमागे एक अरुंद खोली आहे, तिथे जुन्या खुर्च्या ठेवलेल्या असतात. मुंगी खाली यायची, कोपरापर्यंत हात धुवायची, वरचा कोट तिने वरच काढून ठेवलेला असायचा. मग त्या मोडक्या खुर्च्यांमध्ये बसून ती पोरीला पाजायची आणि मला मीच आणलेला डबा उघडून भरवायला सांगायची. एका वेळी दोन पिढ्यांचं जेवण, असं तो पहारेकरी म्हणायचा.

त्याच दिवसांत तिच्या बोटाला काच लागली. विषाणू घातलेल्या डिशमधली, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायची पातळ काच असते, ती उचलताना तुटली आणि एकावर एक घातलेल्या दोन्ही हातमोज्यांतून आत गेली. रक्ताचा ठिपका आला एवढंच. तिने बोट धुतलं आणि लगेच सुरक्षा अधिकाऱ्यांना कळवलं. त्यांना तिथे कुलूपकाका म्हणतात, कारण त्यांच्या पट्ट्याला किल्ल्यांचा जुडगा असतो आणि ते येण्याआधी त्याचा आवाज येतो. कुलूपकाकांनी तिला संस्थेच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, हा विषाणू आपली प्रत काढू शकत नाही, काळजीचं कारण नाही, बाळाला खुशाल पाजा. संध्याकाळी घरी येऊन ती हे इतक्या सहज बोलली की जणू बसमध्ये कुणी पायावर पाय दिला.  डॉक्टरच म्हणाले म्हटल्यावर मी पोरीला तिच्या मांडीवर दिली.

मग एके दिवशी मी नातीला टोपी घालून दाराशी पोचले तर मुंगीच समोर. भर दुपारी घरी. पोरीने तिला बघून दोन्ही हात पुढे केले. मुंगीने तिला घेतलं नाही. दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

"पाळतीच्या डिशमध्ये हिरवं वाढलंय," ती म्हणाली.

मला लगेच अर्थ लागला, आणि लागला नसता तर बरं झालं असतं.

खोलीला कुलूप लागलं होतं. मुंगी आणि तिच्या शेजारी काम करणारी मुलगी, दोघींचं रक्त घेतलं होतं. शेजारच्या मुलीला दुसऱ्या मजल्यावर काम देऊन ठेवलं. मुंगीला घरी पाठवलं, कारण जी डिश वाढली ती आणि जिच्या काचेने बोट कापलं ती, दोन्ही एकाच बॅचच्या. डॉक्टरांनी आता सूर बदलला होता. रक्तात इतक्या लवकर काही दिसणार नाही, पण नक्की कळेपर्यंत बाळाला अंगावर पाजू नका.

त्या दिवसाचं वर्णन करत नाही. तान्ह्या पोराला दूध समोर असताना ते द्यायचं नाही, हे ज्या घरात झालंय त्यांना सांगायला नको. पोरगी रडली, आम्ही आळीपाळीने घेऊन फिरलो. पावडरचं दूध वाटीने, चमच्याने, कापसाने देऊन बघितलं. निम्मं गळ्यावरून खाली. मुंगी दुसऱ्या खोलीत दार लावून बसली, कारण तिचा वास आला की पोरगी जास्त कळवळायची. पंपाने दूध काढायची आणि मोरीत ओतून वर गरम पाणी सोडायची. काढलं नाही तर आटेल म्हणून काढायचं, आणि काढलं की ओतून द्यायचं.

जावई कामावरून आले. त्यांनी पोरीला छातीशी न धरता पाठमोरी धरली, तोंड रस्त्याकडे, आणि बाटली खालून वर नेली. तिला बाटली दिसलीच नाही. जिन्यावर चढत उतरत त्यांनी तिला थोडं पाजलं.

"लिफ्टमध्ये अडकलेली माणसं अशीच असतात," ते खाली येऊन म्हणाले. "आपण बाहेरून ओरडतो, दार ओढू नका, हवा भरपूर आहे. ऐकत कोण नाही. त्यांना दुसरीकडे बघायला लावावं लागतं."

"मग सासूबाईंनाही जरा जिन्यावर फिरवून आणा," हे म्हणाले. मी त्यांच्याकडे बघितलं तेव्हा ते वर्तमानपत्रात शिरले. वर्तमानपत्र उलटं धरलेलं होतं.

रात्रीची भांडी आवरताना मुंगी माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. पुसायचं फडकं घेतलं.

"आई, एक सांगू? आधी पूर्ण ऐकून घे."

"सांग."

"त्या बॅचमध्ये मी फिल्टर केलं नव्हतं."

मला वाटलं, हे आणखी काही भयंकर आहे. तिने मला समजावलं ते मी इथे माझ्या शब्दांत लिहिते. कारखान्यातला माल पाण्यात सुटतो. त्या पाण्यात कारखान्याच्या सुट्या पेशीही तरंगत असतात. म्हणून पाणी आधी यंत्रात गरगर फिरवायचं, म्हणजे पेशी तळाला बसतात, आणि मग वरचं पाणी अगदी बारीक छिद्रांच्या फिल्टरमधून घालवायचं. विषाणू इतका लहान की पलीकडे जातो, पेशी अलीकडे अडकते. पण फिल्टर थोडा माल स्वतःच खातो. मॅडमनी विषाणूच्या आतल्या कवचात बदल करून एक नवीन प्रकार बनवला होता, माकडाच्या पेशीतला पहारा त्याला ओळखतो की नाही हे बघायला. तो प्रकार कारखान्यातून फार थोडा निघायचा. फिल्टरनंतर तर मोजायलाही उरायचा नाही. तेव्हा मुंगीने पाणी दोनदा फिरवलं, अगदी वरचा थर हलक्या हाताने उचलला, आणि फिल्टर टाळला.

"आता समज, त्या वरच्या थरात कारखान्यातल्या चार पेशी राहिल्या. त्यांनाही तेच पत्र दिलेलं, म्हणून त्या मुळातच हिरव्या. माकडाच्या पेशींच्या डिशमध्ये जाऊन बसल्या, आणि त्या माकडाच्या पेशींपेक्षा भराभर वाढतात. मग हिरवं वाढलं ते विषाणू पसरला म्हणून नाही. पाहुणे आले आणि त्यांनी घर बळकावलं म्हणून."

"मग तर काहीच नाही ना?"

"तसं असेल तर काहीच नाही. विषाणू मोडकाच आहे, मी ठीक, बाळ ठीक."

"मॅडमना सांगितलंस?"

"नाही."

"का? नोकरीची भीती वाटते?"

तिने पुसलेलंच ताट पुन्हा पुसलं. "तीही आहे. पण आई, मला हे इतकं खरं हवंय की माझाच माझ्यावर भरवसा राहिला नाही. सगळे तिथे धास्तावलेले, आणि मी उठून म्हणायचं, घाबरू नका, माझीच चूक आहे. मी ते सुटण्यासाठी म्हणतेय की खरं म्हणून, हे मलाच कळेना."

मी तिला म्हटलं, तू सांग, पुढचं त्यांचं ते बघतील. नंतर अंथरुणावर पडल्यावर मी देवाकडे मागितलं की माझ्या मुलीच्या हातून चूक झालेली असू दे. आयुष्यभर नेमकं उलटं मागत आले होते.

सकाळी तिने मॅडमना फोन लावला. बाळाची बाटली एका हातात होती म्हणून फोन टेबलावर ठेवून स्पीकर लावला होता, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

तिने फिल्टरचं सगळं सांगितलं. मॅडमनी विचारलं, "फक्त पाळतीची डिश, की मोजणीच्याही?"

"सगळ्याच. एकाच बाटलीतून घातलं होतं."

"म्हणजे मी ज्या हिरव्या पेशी मोजल्या..."

"त्यातल्या किती माकडाच्या आणि किती कारखान्याच्या, सांगता येणार नाही. त्या बॅचवर विसंबू नका."

मॅडम त्याच आकड्यांवर पुढच्या आठवड्यात एका मोठ्या सभेत बोलणार होत्या. बदललेलं कवच पहाऱ्याला चकवून आत शिरतं, असं त्या आकड्यांवरून दिसत होतं. मुंगीने हे मला आधी सांगितलं होतं, तेव्हा तिला त्याचा अभिमान होता.

"मला विचारलं का नाहीस?" मॅडम म्हणाल्या.

"विचारलं असतं तर तुम्ही फिल्टर करायलाच सांगितलं असतं."

"मग?"

"मग आकडा आला नसता."

 मग मॅडम म्हणाल्या, "तुझी चूक निघावी असं म्हणू की निघू नये असं म्हणू, मला ठरवता येईना, मुंगी. निघाली तर माझं काम पाण्यात. नाही निघाली तर..." त्यांनी ते वाक्य सोडून दिलं. "बाळ बाटली घेतं का?"

"तिच्या बाबाकडून घेतंय थोडी. माझ्याकडून नाही."

"बरं. आज मी स्वतः बसते."

पण बसता कुठे येतंय. कुलूपकाका खोली उघडेनात. वरून परवानगी, आतल्या हवेची तपासणी, कोण जाणार, काय घालून जाणार. त्यात दोन दिवस गेले. रोज संध्याकाळी ते घरी फोन करायचे.

"ताप?"

"नाही."

"गाठी, पुरळ, घसा?"

"नाही."

"बाळ?"

"नाही काका, बाळाला काही नाही."

"आईंना सांगा, झोपत जा म्हणावं." मी फोनच्या बाजूलाच उभी आहे हे त्यांना कसं कळायचं कोण जाणे.

शेवटी मॅडम आत गेल्या. दोन गोष्टी करायच्या होत्या. वाढलेल्या डिशमधलं वरचं पाणी घ्यायचं, यावेळी नीट फिल्टर करायचं आणि माकडाच्या ताज्या पेशींवर घालायचं. त्या चमकल्या तर पाण्यात धडधाकट विषाणू आहे, म्हणजे ते दोन कागद कारखान्यात चिकटले. नाही चमकल्या तर नाही. दुसरी गोष्ट, हिरव्या पेशी वेगळ्या काढून बघायचं की त्या माकडाच्या आहेत की माणसाच्या. माकडाच्या निघाल्या तर विषाणू त्यांच्यात शिरून पसरतोय. माणसाच्या निघाल्या तर ते पाहुणे.

मुंगी घरात बसून कपाटं आवरत होती. डबे उंचीप्रमाणे लावले, मग झाकणांच्या रंगाप्रमाणे. मी मधे एकदा चुकून साखरेचा डबा भलतीकडे ठेवला तर माझ्याकडे न बघता उचलून जागेवर नेला.  एकदाच म्हणाली, "मला जे झालं असेल ते असू दे, मी निस्तरेन. तिच्यात गेलं असेल तर मी काय करायचं?" काच लागल्यापासून डिश वाढेपर्यंत तिने बाळाला पाजलंच होतं, त्याचं ती बोलत होती. मला तिला धीर द्यायचा होता. मी म्हटलं, चल, बटाटे सोलू. आम्ही गरजेपेक्षा जास्त बटाटे सोलले.

मॅडमनी फोन केला नाही, त्या घरी आल्या. मी त्यांना पहिल्यांदाच जवळून बघत होते. माझ्याच वयाच्या, गुडघे धरून जिना चढलेल्या, खांद्याला मोठी पिशवी. मुंगी बाहेरच्या खोलीत येऊन उभी राहिली.

"माणसाच्या," मॅडम दारातूनच म्हणाल्या.

मुंगी होती तिथेच जमिनीवर बसली.

"म्हणजे चांगलं की वाईट?" ह्यांनी विचारलं.

"तुमच्यासाठी चांगलं," मॅडम म्हणाल्या. "डिशमधली प्रत्येक हिरवी पेशी हिच्या कारखान्याची. आणि ताज्या पेशींवर पाणी घातलं त्या काळ्याकुट्ट आहेत, एकही चमकत नाही. विषाणू होता तसाच मोडका आहे. डॉक्टरांशी बोलून आलेय. ते बाळासाठी एकदा आणि हिच्यासाठी पुढे एकदा रक्त तपासतील, ते नियम म्हणून. आजपासून पाजायला हरकत नाही म्हणालेत."

मी चहा ठेवायला आत गेले, कारण माझा चेहरा मला आवरता येत नव्हता. बाहेर एका बाईचं काम बुडालेलं आणि मी हसत होते. चहा घेऊन आले तेव्हा मॅडम ह्यांना सांगत होत्या की त्यांनी सभेतलं आपलं नाव मागे घेतलं. हे म्हणाले, "चुकीच्या पत्त्यावर पोचण्यापेक्षा परत आलेलं बरं." मॅडम थोडं हसल्या. जाताना मुंगीला म्हणाल्या, "सोमवारी ये. बैठकीत तूच सांगायचं, मी नाही."

"हो."

"आणि रडायचं नाही. मला रडणारी माणसं बघवत नाहीत, मीही सुरू होते."

सोमवारी तिने सांगितलं. न रडता सांगितलं म्हणे. कुलूपकाकांनी नवीन नियम काढला, फिल्टर करताना दुसऱ्या माणसाने शेजारी उभं राहून बघायचं. प्रयोगशाळेतली तिची शेजारीण अजून सकाळी विचारते, "काय मुंगीबाई, आज पाहुणे आहेत का घरात?" मुंगी म्हणते, "तूच आहेस तेवढी." पण आधी ती जे काम एकटीने उरकायची ते आता दुसऱ्याची वाट बघत करते, आणि तिच्या मनाला ते लागतं, हे मला दिसतं.

बॅच पुन्हा केली. यावेळी कारखान्याच्या तिप्पट डिश लावल्या, माल फिल्टरने खाल्ला तरी उरावा म्हणून. माकडाच्या पेशींवर घातला. जवळजवळ सगळ्या अंधाऱ्या राहिल्या. बदललेल्या कवचालाही पहाऱ्याने दारातच अडवलं. मॅडम म्हणाल्या, हेही उत्तरच आहे, फक्त याला कुणी टाळ्या वाजवत नाही. मुंगी आणि पोरगी, दोघींची रक्तं नंतर तपासली, काही निघालं नाही.

आता बाळाचं. मॅडम गेल्यावर मुंगीने हात धुतले आणि पोरीला मांडीवर घेतलं. मी आत निघून गेले, पण कान बाहेरच होते. पोरीने तोंड लावलं, दोनदा ओढलं, सोडलं आणि रडायला लागली. मुंगीने दुसऱ्या बाजूला घेतलं. तिथेही तेच. मग पोरीने मान वळवून टेबलावरच्या बाटलीकडे बघितलं.

"सवय लागलीय," जावई म्हणाले. "मी लावली."

"तुम्ही लावली नसती तर ती उपाशी राहिली असती," मुंगी म्हणाली.

तिने आठवडाभर प्रयत्न केले. अंधारात, झोपेत, पाठमोरं, जिन्यावर. दूधही आता पूर्वीसारखं येत नव्हतं, मोरीत ओतताना कमी झालंच होतं. डॉक्टर म्हणाले पोरीचं वजन चांगलं वाढतंय, बाटलीने काही बिघडत नाही. दुपारी मी आता तिला घेऊन त्या खुर्च्यांच्या खोलीत जात नाही, मुंगी वरच डबा खाते.

फक्त पहाटे, पोरगी पूर्ण जागी झालेली नसते तेव्हा, कधीकधी पिते. डोळे मिटलेले असतात. डोळे उघडले की सोडते आणि बाबा कुठेत ते शोधते. परवा मी मुंगीला विचारलं, आज घेतलं का? ती कामावर जायला बूट घालत होती.

"घेतलं थोडं," ती म्हणाली. "मग जागी झाली."